क्योतोला निघण्याआधी

अगं, जपानीचा तीनच आठवड्यांचा वर्ग आहे, तेव्हा हिरागाना आणि काताकाना या त्यांच्या दोन लिप्या, प्रत्येकी ४६ मूळ अक्षरं, इथूनच पाठ करून जा. आपल्याला सोपं जातं ते. अ, इ, उ, ए, ओ, मग क, स, त, न... हा क्रम बौद्ध भिक्षूंच्या सिद्धम् या जुन्या भारतीय लिपीच्या अभ्यासातून तिकडे रुजला. क्रियापदही मराठीसारखं शेवटी येतं.

चहाच्या विधीला मात्र जीव ओतून बस. स्वच्छ पांढरे मोजे ने. अंगठी, घड्याळ आधीच काढून ठेव, वाडग्याला ओरखडा पडायला नको. पिण्याआधी वाडगा हातात किंचित फिरवायचा, म्हणजे त्याची दर्शनी बाजू ओठांना लागत नाही. मला हा भाग फार आवडतो. तिथे गुडघे दुमडून बसतात ते सेइझा, म्हणजे जवळजवळ आपलं वज्रासन. रोज १० मिनिटं बसायला आजपासूनच लाग.