तबला, पडदा आणि एकच लॅपटॉप: मॅक घ्यावा, विंडोज की लिनक्स?

तबला माइकवर घ्यायचा, त्यावर प्रोसेसिंग करायचं, त्याच आवाजावर पडद्यावरची चित्रं हलवायची आणि हे सगळं एका लॅपटॉपवर, असा तुमचा बेत आहे. तर मॅक की विंडोज हे नंतर, आधी सॉफ्टवेअर ठरवा. चित्रांसाठीचं नॉच फक्त विंडोजवर चालतं, त्याच कामाचं व्हीडीएमएक्स फक्त मॅकवर. चित्रांची टचडिझायनर आणि रेझोल्यूम, आवाजाचं एबलटन लाइव्ह, दोन्हींचं मॅक्स ही मंडळी दोन्हीकडे चालतात, पण लिनक्ससाठी यातलं एकही निघत नाही.

तुमच्या कामात आवाज नाजूक आहे. ४८,००० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने (सॅम्पल) घेताना, १२८ सॅम्पलचा बफर, म्हणजे एका वेळचा तुकडा, ठेवलात तर संगणकाला दर २.७ मिलिसेकंदांना आवाजाचा पुढचा तुकडा तयार ठेवावा लागतो. उशीर झाला की स्पीकरमधून ‘टक्’. पडद्यावरची एखादी फ्रेम गळाली तर कुणाच्या गावीही नसतं. टक् मात्र शेवटच्या रांगेला ऐकू जातो. बफर वाढवला तर टक् थांबतो, पण मग तबलजीला स्वतःचा ठेका मॉनिटरमध्ये उशिरा ऐकू येतो आणि तो वैतागतो.

इथे मॅक सरस. आवाज हाताळणारं कोअर ऑडिओ सिस्टीममध्येच आहे, बरीचशी ऑडिओ इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडायच्या पेट्या) वेगळा ड्रायव्हर न टाकता चालतात. विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर (आवाज कमीत कमी उशिरात पोहोचवणारा) चांगला हवा. शिवाय वायफायचा किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर मध्येच प्रोसेसर अडवून बसतो. लेटन्सीमॉन नावाचं फुकट टूल चालवलंत की गुन्हेगार कोण ते दिसतं. कित्येकदा वायफाय बंद केलं तरी भागतं.

व्हिडिओत पारडं फिरतं. २०१८ च्या मोहावे या मॅकओएस आवृत्तीपासून मॅकवर एनव्हिडियाच्या नव्या ग्राफिक्स कार्डांना थारा नाही, आणि टचडिझायनरमधल्या काही सोयी एनव्हिडियाशिवाय चालतच नाहीत. पार्टिकल (हजारो ठिपक्यांची चित्रं), थ्रीडी, मोठं मॅपिंग (भिंतीच्या किंवा वस्तूच्या आकारावर चित्र बसवणं) असलं जड काम असेल तर विंडोजच घ्या. एका सॉफ्टवेअरमधली चित्रं दुसऱ्यात न्यायला मॅकवर सायफन आहे, विंडोजवर स्पाउट; त्या बाबतीत दोघे सारखेच.

मी तुमच्या जागी असतो तर एका लॅपटॉपचा हट्टच सोडला असता. आवाजाला एखादा जुना मॅक पुरतो, व्हिडिओला ग्राफिक्स कार्डवाला विंडोज, मध्ये एक लॅन केबल. आवाजाची पातळी आणि प्रत्येक थाप ओएससीवरून (नेटवर्कवरून असे संदेश पाठवायची पद्धत) पलीकडे पाठवायची. चित्र दहा मिलिसेकंद मागे राहिलं तरी डोळ्याला कळत नाही. आणि व्हिडिओचं मशीन बंद पडलं तरी वादन चालू राहतं, हे काही थोडं नाही.

लिनक्स: प्युअर डेटा किंवा सुपरकोलायडर (आवाज प्रोग्रॅम करून घडवायची साधनं) येत असेल तर बेलाशक. मॅक्सचा जनक मिलर पकेट यानंच नव्वदच्या दशकात प्युअर डेटा लिहिलं, आणि ते फुकट आहे. गॅलरीत दिवसभर चालू ठेवायच्या मांडणीला उत्तमच. मंचावर मात्र आयत्या वेळी प्रोजेक्टर बदलला तर ते निस्तरणारा माणूस सोबत हवा.

आणखी एक, याचा सिस्टीमशी संबंध नाही. हॉलचं अर्थिंग धड नसलं की चार्जर लावताच पीएमध्ये, म्हणजे हॉलच्या स्पीकरमध्ये, घूं सुरू होतं. साउंडवाल्याकडे डीआय बॉक्स (लॅपटॉप आणि मिक्सरच्या मध्ये लावून घूं तोडायची छोटी पेटी) आधीच मागून ठेवा. चार्जर काढून भागवू म्हणाल, तर गेमिंग लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड बॅटरीवर पुष्कळ मंदावतं.