बोर्डावर 'कॅन्सर' लिहिलंय म्हणून

"ताई, वय ६१, खानापूर तालुक्यात भातशेती. पायाला मुंग्या येतात म्हणून तपासण्या केल्या, तर रक्तात 'एम बँड' निघाला. आयजीएम, ०.९ ग्रॅम. बाकी त्रास काही नाही. आमचे डॉक्टर म्हणाले, हा कॅन्सर नव्हे, पण पुढं होऊ शकतो, बेळगावला हेमॅटॉलॉजिस्टना, म्हणजे रक्ताच्या डॉक्टरांना, दाखवा. ते बसतात कॅन्सर विभागात. थोरलीचं लग्न जमत आलंय. तिथं कुणी बघितलं तर काय सांगू? आणि यावर औषधच देत नाहीत म्हणे, मग जायचं कशाला?"

भाऊ, शेवटचा प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी तोच घेते. तुमच्या रिपोर्टात जे दिसतंय त्याला डॉक्टर बहुधा 'एमगस' म्हणतील. हाडांच्या मगजातल्या काही पेशी एकाच साच्यातलं प्रथिन विनाकारण बनवत राहतात; तेच रक्ताच्या तपासणीत 'एम बँड' म्हणून दिसतं, आणि आयजीएम ही त्याची एक जात. पन्नाशी उलटलेल्यांत हे बऱ्याच जणांना असतं आणि कित्येकांना आयुष्यभर पत्ता लागत नाही. त्याचा पुढं कॅन्सर होतो तो वर्षाला शंभरांत साधारण एकाला. औषध देत नाहीत, कारण बहुतेकांना ते कधी लागतच नाही. नुसती नजर ठेवतात.

पण नजर कशावर आणि किती दिवसांनी, हे ठरवायला एकदा जावं लागतं. प्रथिन दीड ग्रॅमच्या आत, जात आयजीजी आणि 'फ्री लाइट चेन'चं, म्हणजे या प्रथिनांच्या रक्तातल्या सुट्या तुकड्यांचं, प्रमाण ठीक, अशा तिन्ही गोष्टी जमल्या तर धोका सगळ्यात कमी. तुमचं प्रथिन कमी आहे, हे चांगलं. जात मात्र आयजीएम आहे, आणि तिसऱ्या तपासणीचा पत्रात उल्लेखच नाही.

आणि भाऊ, मुंग्यांचं एका ओळीत सांगून "बाकी त्रास काही नाही" म्हणालात. आयजीएम असलेल्या काही जणांत हेच प्रथिन पायांच्या नसांना इजा करतं. तुमच्या मुंग्या साखरेच्या असतील, बी-१२ कमी असल्याच्या असतील, त्याही तपासून घ्या. पण प्रथिनामुळं असतील, तर "औषध नाही" हे वाक्य तुम्हाला लागू होईलच असं नाही. एवढ्यासाठी तरी मी तुम्हाला जा म्हणेन.

आता लोकांचं. बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात आपलं कुणी ना कुणी भेटतंच, खोटं कशाला बोलू? रक्ताच्या डॉक्टरांकडं ॲनिमियाचे, थॅलेसेमियाचे पेशंटही येतात. विचारलं तर "रक्त तपासायला आलोय" म्हणा, ते खरंच आहे. लपून कोल्हापूर गाठू नका. हे वर्षानुवर्षं दाखवत राहायचं काम आहे, दूरचा दवाखाना दुसऱ्या वर्षी सुटतो. माझ्या थोरल्या दिरांनी कंबरदुखी दोन वर्षं मलमावर काढली, का तर घरात कार्य होतं. निदान झालं तेव्हा मणका खचला होता. तुमचं तसं होईल असं मुळीच म्हणत नाही. पण ती दोन वर्षं माझ्या मनातून जात नाहीत. आणि हे संसर्गानं पसरत नाही. मुलीच्या सोयरिकीत यानं अडावं असं काही नाही.

रोपलावणी उरकली की जा, दसऱ्यापर्यंत ढकलू नका. वजन उतरलं, रात्री घामानं अंथरूण भिजलं, नाकातून रक्त आलं, नजर अंधूक झाली किंवा थोडं चालून धाप लागली, तर लावणीसाठीही थांबू नका. हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, कॅल्शियमचे जुने-नवे सगळे कागद बरोबर न्या. प्रश्न मराठीत लिहून न्या: मुंग्या यामुळंच का? फ्री लाइट चेन करायची का? बोन मॅरोची (हाडातल्या मगजाची) तपासणी आत्ताच लागेल का? पुन्हा कधी येऊ? पुढची तपासणी बहुधा सहा महिन्यांनी सांगतील.

पत्रात वहिनींचा उल्लेख कुठंच नाही. त्यांना आज सांगा, आणि बेळगावला बरोबर न्या. डॉक्टर काय म्हणाले ते मला कळवाल ना?