रशियन पाट्या वाचायच्या तर

मॉस्कोला निघण्याआधी रशियन शिकायच्या भानगडीत पडू नकोस, पण लिपीतली 33 अक्षरं नजरेखालून घाल. अगदी अनोळखी अक्षरं लवकर बसतात. घोळ घालतात ती इंग्रजीसारखी दिसणारी. 'पी' दिसला की र वाच, 'एच' म्हणजे न, 'सी' म्हणजे स. मग पाटीवरचं 'पेक्टोपाह' सरळ 'रेस्तोरान' होतं, जेवायची सोय झाली! मेट्रोत 'व्खोद' आत जायला, 'वीखोद' बाहेर पडायला. औषधांचं दुकान 'आप्तेका'. उच्चारांत मराठी माणसाची चैन आहे: चहातला च आणि चमच्यातला च, दोघांना तिकडे वेगळी अक्षरं आहेत. हाताने लिहिलेल्या मेनूच्या नादी मात्र इतक्यात लागू नकोस. त्यात त चक्क इंग्रजी छोट्या 'एम'सारखा काढतात.