ग्रॅनाइट एवढा आहे, मग मोलिब्डेनमची खाण का नाही?

तुम्ही विचारलंय की बेळगावच्या फाउंड्रीवाल्यांना फेरोमॉली (लोखंड आणि मोलिब्डेनम धातूचं मिश्रण) बाहेरनं मागवावं लागतं आणि कर्नाटकात तर ग्रॅनाइटच ग्रॅनाइट, मग इथं मोलिब्डेनम का निघत नाही. मी भूगर्भशास्त्र शिकलोय, विषय आवडीचा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बेळगाव शहराखाली बेसाल्ट आणि जांभा आहे, गोकाकचा धबधबा वालुकाश्मावरनं पडतो, ग्रॅनाइट बघायचा तर आणखी पूर्वेला-दक्षिणेला जायला लागतं. खरं नुसता ग्रॅनाइट असून भागत नाही बघा. साध्या ग्रॅनाइटच्या मॅग्मात (वितळलेल्या खडकात) मोलिब्डेनम असतं दहा लाखात दोन-तीन भाग, आणि खाण चालायला टनामागं अर्धा-एक किलो तरी पाहिजे. गुऱ्हाळात काहिलीतला रस आटतो तसा मॅग्मा थिजत जातो, मोलिब्डेनम स्फटिकांत फारसं शिरत नाही, उरलेल्या रसात साठत जातं, शेवटी त्यातनं खारट गरम पाणी सुटतं ते त्याला घेऊन वरच्या टोकाशी जातं आणि तिथं फुटलेल्या खडकात क्वार्ट्झच्या बारीक शिरांचं जाळं होऊन मोलिब्डेनाइट (मोलिब्डेनमचं खनिज) बसतं. हिशोब करा, एक घन किलोमीटर ग्रॅनाइट म्हणजे २७० कोटी टन, त्यात मोलिब्डेनम जेमतेम ८ हजार टन. म्हणजे १० लाख टनांचा साठा व्हायला सव्वाशे घन किलोमीटर मॅग्मातलं सगळंच्या सगळं एका जागी यायला पाहिजे! म्हणून मला तर मॅग्मा किती श्रीमंत होता यापेक्षा तो किती मोठा होता आणि त्याचं पाणी एका तोंडातनं वर आलं का, हेच जास्त महत्त्वाचं वाटतं.

आता हे कुठं जमतं? कोलोरॅडोतल्या क्लायमॅक्स आणि हेंडरसनला साधारण ३ कोटी वर्षांपूर्वी जमलं, तिथं समुद्री प्लेट (समुद्रतळाचं भूकवच) भूखंडाखाली जाण्याचा काळ सरत आला होता, जमिनीचं जाड कवच ताणलं जायला लागलं होतं, तिथले ग्रॅनाइट फ्लोरिनने भरलेले. कॅनडातलं एंडाको मात्र प्लेट खाली जात असतानाच्या ज्वालामुखी पट्ट्यातलं, फ्लोरिन कमी, ग्रेडही (टनामागं मिळणारा धातू) कमी. आणि चीनचा चिनलिंग-दाबिए पट्टा, दोन भूखंड आदळून जुळलेले, खरं तिथले बहुतेक मोठे साठे टक्कर होऊन गेल्यावर कितीतरी कोटी वर्षांनी, १४ कोटी वर्षांच्या आसपास झालेत.

आपल्याकडं अडचण वयाची आहे. असले साठे जमिनीखाली थोड्याच किलोमीटरवर होतात, आणि रामनगरचा क्लोजपेट ग्रॅनाइट २५० कोटी वर्षांचा, वरचे किती किलोमीटर झिजून गेलेत, आज दिसतो तो खोलातला भाग. वर काही होतं असलं तरी ते कधीच वाहून गेलं.

तरी आशा सोडू नका, तमिळनाडूत धर्मपुरी जिल्ह्यात हरूरकडं क्वार्ट्झच्या शिरांत मोलिब्डेनाइट सापडलंय. तुम्हाला कुठं क्वार्ट्झमध्ये चकचकीत करडे मऊ पापुद्रे दिसले तर चकाकीच्या (ग्लेझ्ड) पांढऱ्या टाइलवर घासून बघा, रेघ काळी आली तर ग्रॅफाइट, करडी हिरवट आली तर एखाद्या जिऑलॉजिस्टला दाखवाच.