सामान्य ज्ञान तीनदा वाचूनही डोक्यात का राहत नाही?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही वणी तालुक्यातले आहात, पोलिस भरती आणि तलाठीची तयारी करताय, सामान्य ज्ञानाचं जाड पुस्तक तीनदा वाचून झालं, पण आठ दिवसांत सगळं पुसलं जातं. पाठांतर पक्कं कसं करायचं, असा तुमचा प्रश्न आहे.

भाऊ, मी तुमच्या शेजारचाच, वरोरा तालुक्यातला. गेली अकरा वर्षं ग्रामपंचायतीच्या एका जुन्या खोलीत संध्याकाळी पोरापोरींना सामान्य ज्ञान शिकवतो. त्यातली निम्मी दिवसभर वावरात राबून आलेली असतात. तुमची अडचण मी रोज बघतो, म्हणून सरळ सांगतो. तुमच्या डोक्यात काही खोट नाही. तुम्ही माहिती मोकाट सोडताय. बैल मोकळा सोडला की रातोरात कुठल्या कुठे जातो. खुंट्याला बांधला की सकाळी तिथंच रवंथ करताना सापडतो. पुस्तकातल्या एकेका ओळीला आपल्या मुलखातला खुंटा शोधा. आपल्याकडे असे खुंटे इतके आहेत की मला कधीकधी विश्वास बसत नाही.

पहिला खुंटा तुमच्या घरापासून फार लांब नाही. पुस्तकात एक ओळ असते, ‘गोंडवन हे प्राचीन महाखंड होते.’ मी ती वर्गात वाचली तेव्हा मागच्या बाकावरून एकानं विचारलं, “सर, हे गोंडवन म्हणजे आपले गोंडच काय जी?” हो, तेच. गोंड राजांच्या मुलखातल्या खडकांना भूवैज्ञानिकांनी गोंडवन हे नाव दिलं आणि पुढे ऑस्ट्रियाच्या एडुआर्ड स्यूस यांनी दक्षिण अमेरिका, आफ्रिका आणि भारत जोडणाऱ्या प्राचीन भूखंडाला तेच लावलं. आज ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिकाही त्यातच धरतात. जगभरच्या भूगोलाच्या पुस्तकांत आपल्या माणसांचं नाव आहे. ही गोष्ट कळल्यावर त्या पोराला ती ओळ पाठ करावी लागली नाही.

आता तुमच्या वणीचा कोळसा घ्या. तो याच गोंडवन खडकांतला. त्या काळच्या दलदलीत ग्लोसोप्टेरिस नावाची झाडं वाढायची, जिभेच्या आकाराच्या पानांची. या पानांचे ठसे भारतात सापडतात, आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात, दक्षिण अमेरिकेतही सापडतात. दक्षिण ध्रुवावर नॉर्वेचा अमुंडसेन १४ डिसेंबर १९११ ला पोचला आणि इंग्रज स्कॉट १७ जानेवारी १९१२ ला, हा परीक्षेतला ठरलेला प्रश्न. पण परतीच्या वाटेवर स्कॉट आणि त्याचे साथी उपासमारीनं आणि थंडीनं मेले, तेव्हा त्यांच्या सामानात सुमारे १६ किलो दगड होते. चालवत नव्हतं तरी त्यांनी ते टाकले नव्हते. त्या दगडांत याच ग्लोसोप्टेरिसची पानं निघाली, म्हणजे अंटार्क्टिकाही एकेकाळी या खंडांना जोडलेलं होतं. आणि १९१२ मध्येच जर्मन शास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनरनं खंड सरकतात ही कल्पना मांडली. आमच्या वर्गात एका मुलीचे वडील खाणीत कामाला आहेत. तिनं घरून कोळशाचा तुकडा आणला होता. तो हातोहात फिरत असताना मी हे सांगितलं. १९१२ हे साल त्या वर्गातला एकही जण विसरलेला नाही.

याच खडकांच्या तळाशी त्याहून मोठी गंमत आहे. चंद्रपूरचा पारा उन्हाळ्यात ४८ अंशांच्या आसपास जातो हे तुम्ही अंगावर भोगलंय. त्याच चंद्रपूर जिल्ह्यात इरई गावाजवळ चुनखडीच्या खडकावर समांतर रेघा आहेत. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी हिमनदीनं आपल्या पोटात धरलेले दगडगोटे त्या खडकावरून घासत नेले, त्याचे हे ओरखडे. तेव्हा हा सगळा भूभाग दक्षिण ध्रुवाच्या बाजूला होता. मी त्या रेघांवरून बोट फिरवलंय. पाट्यावर टाकीचे घाव असतात तसं लागतं, पण सगळे एकाच दिशेला गेलेले. हिमनदी हा शब्द मी शाळेत असल्यापासून वाचत होतो, तो समजला त्या दिवशी.

आमच्याच तालुक्यात पिजदुरा आहे. तिथं डायनासोरची हाडं सापडली आणि डायनासोरच्या शेणाचे दगड झालेले गोळेही. २००५ मध्ये संशोधकांनी जाहीर केलं की त्या गोळ्यांमध्ये गवताचे सिलिकाचे बारीक कण आहेत, तेही भात आणि बांबूच्या कुळाशी नातं सांगणारे. तोवर समज असा होता की डायनासोर गेल्यावरच गवत खऱ्या अर्थानं आलं. साडेसहा-सात कोटी वर्षांपूर्वी इथं कोणीतरी गवत चरत होतं, हे जगाला पिजदुऱ्याच्या शेणानं सांगितलं. पिजदुऱ्याला गेलात तर बघा, फोटो काढा, पण दगड उचलून आणू नका. जागचा हलला की त्याची अर्धी साक्ष जाते.

इतिहासासाठी हिंगणघाट. भारताची त्रिकोणमितीय मोजणी विल्यम लॅम्टननं १० एप्रिल १८०२ ला मद्रासला पायारेषा, म्हणजे मोजणीची पहिली सरळ रेघ, मोजून सुरू केली. वीस वर्षं तो उत्तरेकडे सरकत आला. त्याचं कोन मोजायचं यंत्र अर्ध्या टनाच्या घरातलं होतं. २० जानेवारी १८२३ ला हिंगणघाटला तो वारला आणि तिथंच त्याला पुरलं. पुढचं काम त्याचा मदतनीस जॉर्ज एव्हरेस्टकडे आलं. १८६५ मध्ये जगातल्या सर्वांत उंच शिखराला ज्याचं नाव दिलं तो हाच. शिखराच्या उंचीची आकडेमोड मात्र राधानाथ सिकदार यांची. त्यांचं नाव मी मुलांना आधी लिहायला लावतो.

ही मोजणी काय असते ते आम्ही वावरात करून पाहिलं. धुऱ्यावर टेपनं शंभर फुटांची सरळ रेघ मोजली, दोन्ही टोकांना काड्या रोवल्या आणि दोन्हीकडून पलीकडच्या कडुनिंबाचा कोन कंपासपेटीतल्या कोनमापकानं घेतला. एक बाजू आणि दोन कोन हातात आले की उरलेल्या बाजू हिशेबानं निघतात. कागदावर काढलेलं अंतर आणि नंतर टेपनं मोजलेलं अंतर यांत चार फुटांचा फरक आला. पोरं नाचली. भूमिती नापास झालेला एक जण म्हणाला, “असंच होतं तर काऊन नाही सांगितलं आधी?” मला तेव्हा वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

लढायांची सालं कंटाळवाणी वाटत असतील तर अकोला जिल्ह्यातलं अडगाव धरा. २९ नोव्हेंबर १८०३ ला तिथं नागपूरकर भोसल्यांच्या फौजेला हरवणारा आर्थर वेलस्ली म्हणजेच १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. पुढच्याच महिन्यात गाविलगड पडला. १७ डिसेंबरच्या देवगावच्या तहात भोसल्यांनी ओडिशातलं कटक सोडलं आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूखही. तुम्ही वणीचे नदीच्या त्या बाजूचे, आम्ही वरोऱ्याचे या बाजूचे. वर्धेचा पूल ओलांडताना हा तह आठवा.

कापसाचं थोडक्यात सांगतो. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६१ ते १८६५. तिकडचा कापूस इंग्लंडला जायचा थांबला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल ही कापडगिरणी तिथं सुरू झाली. ज्याच्या घरी पऱ्हाटी आहे त्याला अमेरिकेचं ते युद्ध परकं वाटायचं कारण नाही.

लोणारबद्दल मात्र सावध करतो, कारण गाईडांमध्ये चुका आहेत. ते ज्वालामुखीचं विवर नाही. उल्काघातानं बेसाल्ट खडकात झालेलं आहे, व्यास सुमारे १.८ किलोमीटर. ‘जगातलं तिसरं मोठं’ असं छापलेलं दिसतं, ते चूक. भारतातलंही ते सर्वांत मोठं नाही. मध्य प्रदेशातल्या शिवपुरी जिल्ह्यातलं ढाला त्याच्या कितीतरी पट मोठं आहे. २०२० च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं ते खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे, आणि त्याच वर्षी ते रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आलं.

आता करायचं काय? एक दोनशेपानी वही घ्या. प्रत्येक पानाच्या वर विषय लिहू नका, गावाचं नाव लिहा. वणी, इरई, पिजदुरा, हिंगणघाट, अडगाव, लोणार. पुस्तकातली ओळ वाचली की ती कोणत्या गावच्या पानावर बसते ते शोधा. ओळी तशाच उतरवू नका, कोणाला तरी सांगितल्यासारख्या लिहा. जी कुठंच बसत नाही तिला शेवटची दहा पानं राखून ठेवा, ती तेवढी घोकावी लागेल. देशांची चलनं आणि पुरस्कारांची नावं तिथंच जातात, त्याला इलाज नाही. आणि रात्री जेवताना घरच्यांना एक तरी गोष्ट सांगा. आमच्या वर्गातल्या मुलांच्या आयांना आता ग्लोसोप्टेरिस माहीत आहे.

सुरुवात इरईपासून करा, तुम्हाला ते जवळ आहे. पण आत्ता मे महिना आहे, पहाटेच निघा. दहानंतर त्या हिमनदीच्या दगडावर हात ठेववत नाही.