जुनं इंजिन भंगारात घालू नका: चारशेसातमध्ये कॉमन रेल बसवायच्या आधी

भाऊ, तुमची पोस्ट दोनदा वाचली. वडिलांची १९९८ ची चारशेसात (टाटाचा छोटा ट्रक), बोअर गेलाय म्हणजे सिलिंडर आतून झिजलाय, निळा धूर, आठवड्याला लिटरभर ऑइल. अपघातातल्या गाडीचं कॉमन रेल (कॉम्प्युटरवर चालणारं, जास्त दाबानं डिझेल फवारणारं) इंजिन ९५ हजारांत मिळतंय आणि मिस्त्री म्हणतोय दीड लाखात गाडी रस्त्यावर. हे बजेट बरोबर आहे का, असं विचारलंय. चार-पाच वर्षांपूर्वी मी हाच उद्योग, जवळपास ह्याच आकड्यांत, करून बसलोय. माझी गाडी १९९६ ची. मिस्त्रीनं आकडासुद्धा हाच सांगितला होता, दीड लाख. ह्या मिस्त्री लोकांचं काय संमेलन भरतं की काय, देव जाणे.

इंजिन कसं उतरवायचं, क्लच कसा मधोमध बसवायचा, हे लिहीत बसत नाही. ते तुमच्या मिस्त्रीला माझ्यापेक्षा जास्त कळतं. मला जे महागात पडलं तेच सांगतो, आणि ते गॅरेजमध्ये घडलंच नाही.

माझी चूक अशी. नवं इंजिन बसलं, चालू झालं, आवाज असा की शेजारचे बघायला आले. जुनं २९५६ सीसीचं इंजिन गॅरेजच्या दारात ताडपत्रीखाली पडलेलं. मिस्त्री म्हणाला, "मालक, ह्याचं काय करायलाव? जागा अडली." भंगारवाला आला, काट्यावर तीनशे किलोच्या वर भरलं, नऊ हजार हातावर टेकवून घेऊन गेला. त्या पैशात पोरीला सायकल घेतली. आपल्याकडचं भंगार जातं कुठं? जालन्याच्या भट्ट्यांत. म्हणजे आरसी बुकावर जो इंजिन नंबर छापलाय, तो नंबर कोरलेला ब्लॉक आता कुणाच्या तरी स्लॅबमधली सळई होऊन बसलाय. ह्याची खरी किंमत मला कळली दोन महिन्यांनी, पासिंगच्या म्हणजे आरटीओतल्या फिटनेस तपासणीच्या दिवशी.

माल वाहणाऱ्या गाडीला आठ वर्षं झाली की दरवर्षी पासिंग. गाडी धुऊन, रिफ्लेक्टर लावून, नव्या इंजिनच्या रुबाबात रांगेत उभा राहिलो. साहेबांसोबतचा माणूस खाली वाकला, नंबरावर कागद धरला आणि पेन्सिल घासली. कागदावर आकडे उमटले. त्यानं आरसी बघितली, पुन्हा कागद बघितला, आणि काही न बोलता दोन्ही कागद साहेबांपुढे ठेवले. साहेबांनी विचारलं, "हे इंजिन कुठलं?" माझ्याकडं होती एक साध्या कागदाची चिठ्ठी: जुने इंजिन १ नग, रुपये ९५,०००, खाली सही म्हणून एक वळवळ. जीएसटी नाही, मूळ गाडीचा नंबर नाही, ती गाडी रद्द झाल्याचा कागद नाही. साहेबांनी चिठ्ठी दोन बोटांत धरून परत दिली.

आता कायदा. मी वकील नाही, नियम बदलत असतात, तुमच्या कार्यालयात लेखी विचारूनच पुढं जा. पण मला पुढच्या सात महिन्यांच्या चकरांत जे पाठ झालं ते असं. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीनं जसं बनवलं आणि आरसीवर जे लिहिलंय, त्यात फरक पडेल असा बदल मालकानं परस्पर करायचा नाही. इंजिन बदलायचं तर नोंदणी करणाऱ्या कार्यालयाची परवानगी आधी, आणि काम झाल्यावर १४ दिवसांत कळवून आरसीवर नोंद. त्याच मेकचं, त्याच प्रकारचं इंजिन असेल तर गोष्ट सरळ असते. वेगळ्या प्रकारचं, वेगळ्या ताकदीचं असेल तर सरळ राहत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही मूळ स्पेसिफिकेशन बदलणाऱ्या फेरफारांना चाप लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर, नियमात न बसणाऱ्या प्रत्येक बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दंडाचं सोडा. पासिंग नाही म्हणजे धंदा नाही, आणि उद्या अपघात झाला तर विम्याचा सर्व्हेअर पहिल्यांदा इंजिन नंबरच बघणार.

तुम्ही म्हणाल, कंपनी तीच, सीसी तेच २९५६, मग वेगळं काय? मीही हेच म्हणालो होतो. खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, जुन्याला पंप-नोझल होतं ना? ह्याला कॉम्प्युटर आहे ना? मग तेच कसं? त्या बाईंचं बरोबर होतं, हे आज कबूल करतो.

माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. कार्यालयाचं नाव घेत नाही, मराठवाड्यातलंच आहे, तर्क लढवू नका. "होणार नाही" एवढं एका कागदावर लिहून द्यायला तिथं कुणी तयार नव्हतं. ह्या टेबलावर गेलं की त्या टेबलावर. तिथं गेलं की "वरून मार्गदर्शन मागवलंय". पुढच्या आठवड्यात या. पुढच्या आठवड्यात साहेब दौऱ्यावर. बाहेर टपरीवरचा एजंट मात्र रोज हजर, "बघू की, करू काहीतरी" म्हणत. त्याला मी चार हजार दिले, तेही गेले. ऐन सोयाबीनच्या हंगामात गाडी दारात उभी, आणि गावातली भाडी दुसऱ्याच्या पिकअपला. शेवटी दहा रुपयांचं तिकीट लावून माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला, तेव्हा तीस दिवसांच्या आत दीड ओळीचं उत्तर आलं: मूळ प्रकारापेक्षा भिन्न इंजिन, चाचणी संस्थेच्या मान्यतेशिवाय नोंद करता येत नाही. चाचणी संस्था म्हणजे पुण्याची एआरएआय वगैरे. एका जुन्या चारशेसातसाठी तिथं कोण जाणार? हे उत्तर पहिल्या दिवशी तोंडावर मारलं असतं तरी मी त्यांचे आभार मानले असते.

म्हणून काही विकत घ्यायच्या आधी अर्ज द्या. कोणतं इंजिन, कोणत्या गाडीचं, किती ताकदीचं, सगळं लिहा, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. तोंडी "हो" म्हणाले तर ते "नाही"च समजा. इंजिन विकणाऱ्याकडून पक्कं बिल, त्यावर इंजिन नंबर, मूळ गाडीची आरसी रद्द झाल्याचा कागद. देत नसेल तर माल चोरीचा असू शकतो, उठून या. आणि जुनं इंजिन, नव्या नंबरची नोंद आरसीवर येईपर्यंत, गोठ्यात ठेवा, खाटेखाली ठेवा, पण ठेवा.

आता तुमचं बजेट. माझ्या वहीत तेव्हाचे आकडे आहेत, आज वाढलेलेच असणार. इंजिन, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), वायरिंग आणि पेडल मिळून १ लाख ५ हजार. पेडलचे दहा नंतर गेले, कारण नव्या इंजिनला अ‍ॅक्सिलरेटरची केबल नसते, पेडलमध्येच सेन्सर असतो, हे मला घरी आल्यावर कळलं. लेथवाल्याकडं जोडप्लेट आणि फ्लायव्हीलचं काम २२ हजार. दोन इंजेक्टर (डिझेल फवारणारे भाग) खराब निघाले, ३२ हजार. रेडिएटर, इंटरकूलर, पाइप १९. वायरमन १८. प्रॉपेलर शाफ्ट कापून बॅलन्स करायला साडेसात, माउंटिंग सहा, टाकी साफ करून नवीन फिल्टर साडेआठ, ऑइल-कूलंट-पट्टे-नळ्या १४, मजुरी ४०, ओढून आणायचं भाडं पाच. बेरीज २ लाख ७७ हजार. गाडी उभी राहिल्याचा तोटा ह्यात धरलेला नाही.

म्हणजे विकणाऱ्यानं सांगितलेल्या ९५ हजारांच्या जवळजवळ तिप्पट. माझं मत विचाराल तर, विकणारा जी किंमत सांगतो तिची तिप्पट हातात नसेल तर पाना उचलू नका. कुणाचं ह्याहून कमीत झालं असेल तर त्यांनी सांगावं, मला आनंदच आहे.

इंजेक्टर का गेले, ते ऐका. जुन्या पंपाला डिझेलमधला गाळ थोडाफार चालायचा. कॉमन रेलमध्ये दाब हजार बारच्या पुढं जातो, इंजेक्टरच्या आतल्या फटी केसाहून बारीक. आणि आपली टाकी पंचवीस वर्षांची, तळाला गंजाचा चिखल. मी टाकी नुसती हलवून धुतली होती. आधी टाकी उतरवा, आतून बघा, गंज असेल तर बदला, आणि पाणी वेगळं करणारा चांगला फिल्टर लावा. ज्या क्रमानं मी खर्च केला, त्याच्या उलट्या क्रमानं करा.

ताकदीचंही बघा. नवं इंजिन जुन्यापेक्षा बरंच जास्त टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, देतं. गिअरबॉक्स, शाफ्टचे क्रॉस (सांधे), मागच्या अ‍ॅक्सलमधले क्राऊन-पिनियन मात्र जुन्याच ताकदीचे. माझा मागचा क्रॉस दुसऱ्याच महिन्यात तुटला, भरल्या गाडीत, पहिल्या गिअरला जोर देताना. आणि उन्हाळा विसरू नका. आपल्याकडं बेचाळीस अंशांत भरलेली गाडी चढाला लागली की रेडिएटरची खरी परीक्षा. पंख्याभोवतीचा पत्र्याचा घेर काढून टाकायचा मोह मिस्त्रीला होतो, जागा मिळते म्हणून. काढू देऊ नका.

आणि ब्रेक. हे वाचताना जरा थांबा. चारशेसातचे ब्रेक व्हॅक्यूमवर हलके होतात, आणि तो व्हॅक्यूम इंजिनवरच्या पंपातून येतो. आमच्या मिस्त्रीनं जुन्या मापाची नळी नव्या पंपाला क्लिपनं दाबून बसवली. रिकाम्या गाडीत काही जाणवलं नाही. मांजरसुंब्याच्या घाटात, पाठीवर लातूरला न्यायचं सोयाबीन, उतारावर पेडल दाबलं तर विटेवर पाय ठेवल्यासारखं. नळी निसटली होती. ब्रेक असतात, पण दोन्ही पायांचं वजन टाकावं लागतं. गिअर खाली घेत, कडेच्या दगडांना घासत गाडी थांबवली. शेजारी बसलेल्या हमालानं उतरून आधी नारळ कुठं मिळेल ते विचारलं. व्हॅक्यूमची नळी योग्य मापाची, नवी, दोन्ही टोकांना पक्की. इथं शंभर रुपये वाचवू नका.

आणखी एक, ह्यात माझे नऊ दिवस गेले. इंजिन मध्येच बंद पडायचं, पाच मिनिटांनी आपोआप चालू. स्कॅनर लावला, कधी हा सेन्सर दाखवी, कधी तो. वायरमन म्हणाला ईसीयू गेला, नवा आणा. शेवटी एका म्हाताऱ्या इलेक्ट्रिशियननं इंजिन आणि चेसिसमधली अर्थची पट्टी हातानं हलवली. चेसिसवर पाच थर रंग, आणि पट्टी रंगावरच आवळलेली. त्यानं पान्याच्या टोकानं चकचकीत लोखंड दिसेपर्यंत खरवडलं, साठ रुपयांचा नवा लग लावला. आजारच गेला. आणि हो, माउंटिंगचं वेल्डिंग करताना बॅटरीच्या तारा आणि ईसीयूचं कनेक्टर काढून ठेवायचं. वेल्डर म्हणेल काही होत नाही. त्याचा ईसीयू नसतो.

बीएस-६ चं, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या निकषांचं, इंजिन कुणी दाखवलं तर हात जोडा. त्याच्यासोबत सायलेन्सरच्या लाइनमध्ये फिल्टर, युरियाची टाकी, सेन्सरांची जत्रा असते. ते सगळं जुन्या चेसिसवर नीट मांडणं आपलं काम नाही. ते काढून टाकून चालवणं तर त्याहून नाही.

माझ्या गाडीचं काय झालं, विचारालच. तोच मूळ प्रकार, पक्क्या कागदांसह, दुसरीकडून शोधला, ७० हजारांना. परवानगी आधी घेतली, बसवायला २५ गेले, नोंद झाली, पासिंग झालं. कॉमन रेल ८० ला विकलं. घेणाऱ्याला ही सगळी कथा सांगूनच विकलं, तरी त्यानं घेतलं.

तर तुमच्या ठिकाणी मी असतो तर आहे तेच इंजिन बांधून घेतलं असतं. स्लीव्ह, पिस्टन, रिंगा, हेडचं काम, पंप-नोझल कॅलिब्रेशन. नंबर तोच राहतो, कुणाच्या खिडकीवर जावं लागत नाही. वेग वाढत नाही, हे खरं. वडिलांच्या गाडीनं भाडं मारायचं असेल तर हेच. हौस असेल तर वेगळी गोष्ट, हौसेला मी नाही म्हणत नाही.

पण त्याच्याही आधी एक करा. बोअर खरंच गेलाय का? गाडी गरम करा, इंजिन चालू ठेवून ऑइल टाकायचं झाकण काढा आणि भपकारा किती येतो ते बघा. मग चारही सिलिंडरचं कंप्रेशन मोजून घ्या. कंप्रेशन चांगलं, चारहीत सारखं आणि भपकारा कमी असेल तर कदाचित व्हॉल्व्हच्या सीलवरच भागेल. चारही आकडे इथं टाका, मग पुढचं बोलू.