१९८४ साली १०४ मीटर, मग आज ९० मीटरचं एवढं कौतुक का?

तुम्ही विचारलंय की पूर्व जर्मनीच्या उवे होनने १९८४ मध्ये १०४.८० मीटर भाला फेकला होता, मग नीरज चोप्राने मे २०२५ मध्ये दोह्यात ९०.२३ मीटर फेकल्यावर एवढा आनंद कशाचा? चाळीस वर्षांत माणसाची ताकद वाढायची सोडून कमी झाली का? आणि पुन्हा कधी कोणी शंभरी गाठेल का?

ताकद कमी झालेली नाही. होनच्या हातातला भाला वेगळा होता आणि नीरजच्या हातातला वेगळा आहे. वजन दोन्हींचं तेच, ८०० ग्रॅम. लांबीही तीच, २.६० ते २.७० मीटर. फरक आहे तो तोलात. मी शाळेपासून कॉलेज संपेपर्यंत जिल्हा पातळीवर भाला फेकला, आता सकाळी गावातल्या पोरांना शिकवतो. तुमचाच प्रश्न ही पोरंही दर वर्षी विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

२० जुलै १९८४, पूर्व बर्लिन. त्या दिवसापर्यंतचा विश्वविक्रम होता अमेरिकेच्या टॉम पेट्रानॉफचा, ९९.७२ मीटर. होनने तो पाच मीटरने मागे टाकला. त्याच्या आधी शंभरी कोणी ओलांडली नव्हती आणि नंतरही आजवर कोणी ओलांडलेली नाही. त्याच वर्षी लॉस एंजेलिसला ऑलिंपिक होतं. पूर्व जर्मनीने सोव्हिएत संघाबरोबर त्यावर बहिष्कार टाकला होता, त्यामुळे होन तिथे गेलाच नाही. तिथलं सुवर्ण फिनलंडच्या आर्टो हार्कोनेनने ८६.७६ मीटरवर घेतलं. होनच्या फेकीपेक्षा तब्बल १८ मीटर कमी! पदक न मिळालेल्या माणसांच्या यादीत मला सगळ्यात जास्त हळहळ होनची वाटते.

आता मैदान डोळ्यांसमोर आणा. भाला पडतो तो धावमार्गाच्या आतल्या गवतावर. ते गवत शंभर मीटरच्या आसपास संपतं आणि पलीकडे वळणावर धावपटू पळत असतात, पंच उभे असतात. शंभरी ओलांडणारा भाला म्हणजे त्यांच्या जिवाशी खेळ. दुसरी अडचण आधीपासून होती. जुना भाला हवेत तरंगत जायचा आणि शेवटी बऱ्याचदा आडवा, पोटावर पडायचा. नियम असा की टोक आधी टेकलं पाहिजे. ते टेकलं की नाही यावर प्रत्येक स्पर्धेत वाद.

म्हणून १९८६ पासून पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य ४ सेंटिमीटर पुढे सरकवला. वाचताना ही चार बोटांएवढीही जागा वाटत नाही. पण भाला बोटावर आडवा धरून पाहा. ज्या जागी तो डळमळायचा थांबतो तो त्याचा तोल. ही जागा टोकाकडे सरकली की उडताना हवेचा दाब या जागेच्या मागे, शेपटाकडे पडतो. शेपूट उचललं जातं, टोक खाली वळतं. जुना भाला घारीसारखा हवेवर पसरून राहायचा, नवा वेळेआधी जमिनीकडे तोंड करतो. टोक रुतल्याची खूण मातीत स्पष्ट दिसते, पंचांचं काम सोपं झालं आणि अंतर घटलं. नव्या भाल्याचा पहिला विश्वविक्रम पश्चिम जर्मनीच्या क्लाउस टाफेलमायरचा, ८५.७४ मीटर, १९८६ सालचा. १०४ वरून थेट ८५!

माणसं गप्प बसली नाहीत. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये पहिल्याच फेकीत ९४.५८ मीटरचा विश्वविक्रम करून सुवर्ण जिंकलेला हंगेरीचा मिक्लोश नेमेत पुढे स्वतः भाले बनवायला लागला. त्याने भाल्याचं शेपूट खडबडीत केलं. त्यामुळे गेलेलं अंतर बरंचसं परत आलं. फिनलंडच्या सेप्पो रॅटीने १९९१ मध्ये ९६.९६ पर्यंत मजल मारली. मग जागतिक ॲथलेटिक्स महासंघाने खडबडीत शेपटाला बंदी घातली आणि त्या भाल्यांनी झालेले विक्रमही पुसून टाकले. ब्रिटनच्या स्टीव्ह बॅकलीचा जुना ८९.५८ पुन्हा विश्वविक्रम झाला. खेळाडूंच्या दृष्टीने मला हे फार कठोर वाटतं, कारण फेकताना तो भाला नियमात बसत होता.

तेव्हा नीरजची तुलना करायची तर होनशी करू नका, चेकियाच्या यान झेलेझनीशी करा. १९९२, १९९६ आणि २००० अशी सलग तीन ऑलिंपिक सुवर्णं त्याच्या नावावर आहेत. २५ मे १९९६ ला जर्मनीतल्या येना गावी त्याने फेकलेला ९८.४८ मीटर आजही विश्वविक्रम आहे. जर्मनीचा योहानेस फेटर २०२० मध्ये त्याच्या अगदी जवळ, ९७.७६ पर्यंत पोचला. नव्या भाल्याने ९० मीटर ओलांडलेली माणसं जगभरात मिळून पंचविसाच्या आसपास आहेत. आशियातले तीन : तैवानचा चेंग चाओ-त्सुन, पाकिस्तानचा अर्शद नदीम आणि तिसरा नीरज. कौतुक का, याचं एक उत्तर हे.

दुसरं उत्तर फेकीतच आहे आणि माझा जीव त्यातच अडकलेला आहे.

लोकांना वाटतं भाला हाताने फेकतात. हात सगळ्यात शेवटी येतो. उजव्या हाताचा फेकणारा धावत येतो, शेवटची काही पावलं आडवी टाकतो, भाला पूर्ण मागे गेलेला, तळवा आकाशाकडे. मग उजवा पाय टेकतो आणि लगेच डावा पाय पुढे ताठ रोवला जातो. भरधाव एसटीने करकचून ब्रेक मारला की उभ्या प्रवाशांचं काय होतं? पाय जागेवर, धड पुढे. इथे तेच होतं. डावा पाय थांबतो, मग कंबर, छाती, खांदा, कोपर, मनगट एकामागून एक झटक्याने पुढे येतात, आसूड ओढल्यासारखे. भाला बोटांतून सुटतो तेव्हा त्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर असतो. त्या डाव्या पायावर त्या क्षणी शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो. गुडघा जरासा वाकला की सगळा वेग तिथेच मुरतो.

आमचे सर म्हणायचे, "गुडघा मोडला की भाला मेला." मी दोन वर्षं ४८ मीटरवर अडकलो होतो. जोर काढत होतो, दंड कमावत होतो, अंतर हलत नव्हतं. सरांनी चुन्याची रेघ मारली, भाला काढून घेतला आणि महिनाभर फक्त तीन पावलं टाकून डावा पाय रोवायला लावला. रेघेवर टाच आपटायची, गुडघा ताठ, पुन्हा मागे. टाच सुजायची. महिन्याने भाला हातात दिला. त्या सकाळी दव पडलं होतं, पकडीची दोरी थोडी ओलसर होती. टाच आपटली आणि हाताने काही केल्याचं जाणवलंच नाही. कानाजवळ बारीक 'फर्र' झालं, भाल्याचं शेपूट हवेत थरथरताना दिसलं. ५३ मीटर. तो आवाज मी अजून विसरलेलो नाही. आता पोरं फेकतात तेव्हा मी पाठ करून उभा राहतो आणि आवाजावरून फेक नीट सुटली की नाही ते सांगतो.

हे कळलं की मोठ्या स्पर्धा वेगळ्याच दिसायला लागतात. टोकियो ऑलिंपिकमध्ये सगळे फेटरला सुवर्ण देऊन बसले होते. पण त्याचा रोवण्याचा पाय तिथल्या पृष्ठभागावर धरतच नव्हता, एकदा तर तो घसरून पडला. ८२.५२ मीटरवर नववा. त्याच संध्याकाळी, ७ ऑगस्ट २०२१ ला, नीरजचा पाय धरत होता : पहिली फेक ८७.०३, दुसरी ८७.५८ आणि भारताला ॲथलेटिक्समधलं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण. दुसरी फेक हातातून सुटताच त्याने भाल्याकडे पाठ फिरवून दोन्ही हात वर केले होते. त्यालाही ते सुटतानाच कळलं होतं.

पाय थांबला तरी शरीर पुढे जायचं थांबत नाही, त्याला फेकीच्या रेषेच्या आत, म्हणजे जी ओलांडली की फाऊल तिच्या आत, एखाद-दोन मीटर जागा लागते. नीरज फेकल्यावर दोन्ही हातांवर पुढे पडतो ते त्याचसाठी. जागा जास्त सोडली तर तेवढं अंतर फुकट, कारण मोजणी रेषेपासून. कमी सोडली तर फाऊल. पॅरिसमध्ये ८ ऑगस्ट २०२४ ला नीरजच्या सहापैकी पाच फेकी फाऊल होत्या. उरलेल्या एकीने, ८९.४५ ने, रौप्य दिलं. त्या रात्री अर्शद नदीमने दुसऱ्या फेकीत ९२.९७ टाकून ऑलिंपिक विक्रम केला आणि शेवटची फेक पुन्हा ९१.७९. पंजाबातल्या मियाँ चन्नूचा हा पोरगा, आधी क्रिकेट खेळणारा. पॅरिसच्या काही महिने आधी त्याच्याकडे धड नवा भालाही नव्हता. मी तो सामना पाहताना नीरजसाठी बसलो होतो, पण अर्शदच्या त्या फेकीला उठून टाळ्या वाजवल्या.

नीरजला ९० साठी किती थांबावं लागलं तेही बघा. २०१६ मध्ये पोलंडच्या बिडगॉश्चमध्ये १८ वर्षांच्या नीरजने ८६.४८ फेकून २० वर्षांखालच्यांचा विश्वविक्रम केला. २०१९ मध्ये कोपराची शस्त्रक्रिया झाली, मुंबईत. आसूड ओढताना सगळा ताण कोपराच्या आतल्या बाजूवर येतो, तो भाग फेकणाऱ्यांचा दुखराच. २०२२ मध्ये स्टॉकहोमला ८९.९४. सहा सेंटिमीटर कमी! तिथून दोह्यापर्यंत तीन वर्षं. आणि दोह्यात ९०.२३ झाल्यावर जर्मनीच्या युलियन वेबरने शेवटच्या फेकीत ९१.०६ टाकून स्पर्धा जिंकली. त्याच वर्षी टोकियोच्या विश्वविजेतेपदात नीरज आठवा आला आणि आपला सचिन यादव ८६.२७ फेकून चौथा, कांस्यापासून ४० सेंटिमीटर दूर. सुवर्ण त्रिनिदादच्या केशोर्न वॉलकॉटने ८८.१६ वर नेलं, लंडनमधल्या ऑलिंपिक सुवर्णानंतर तेरा वर्षांनी. या खेळात ९० फेकणारा पुढच्या महिन्यात ८४ वर असू शकतो.

महिलांचा भाला ६०० ग्रॅमचा, तोही १९९९ मध्ये असाच बदलला. त्यांचा विक्रम चेकियाच्या बार्बोरा श्पोताकोवाचा, ७२.२८ मीटर, २००८ पासूनचा. आपली अन्नू राणी मेरठजवळच्या बहादूरपूरची. उसाची कांडी आणि बांबू फेकत सुरुवात केली आणि २०२३ ला हांगझोऊ एशियाडमध्ये ६२.९२ वर सुवर्ण घेतलं. तिच्याबद्दल आपल्याकडे फारच कमी लिहिलं जातं. राजस्थानच्या देवेंद्र झाझरियाचंही तसंच. एकच हात असलेल्या या भालाफेकपटूने २००४ च्या अथेन्स पॅरालिंपिकमध्ये सुवर्ण जिंकलं, नंतर त्याचा अपंगत्वानुसार ठरणारा गट दोन पॅरालिंपिकमध्ये घेतलाच गेला नाही, आणि २०१६ ला रिओत तो पुन्हा सुवर्ण घेऊन आला. सांगली जिल्ह्यातल्या करगणीचा सचिन खिलारीही आधी भालाच फेकायचा. खांदा दुखावला म्हणून गोळाफेकीकडे वळला आणि पॅरिस पॅरालिंपिकमध्ये १६.३२ मीटरवर रौप्य जिंकला.

राहिला शंभरीचा प्रश्न. झेलेझनीपासून शंभर १.५२ मीटर दूर आहे. सगळं जुळून आलेला एखादा दिवस असेल तर होईल असं मला वाटतं, पण तशी फेक करणारा अजून मला दिसलेला नाही. आणि एक गोष्ट तुम्हाला आवडेल. तुम्ही ज्याच्याबद्दल विचारलंत तो उवे होन काही काळ भारताचा प्रशिक्षक होता. २०१८ मध्ये नीरजने राष्ट्रकुल आणि आशियाई सुवर्ण जिंकलं तेव्हा शिकवायला होनच होता. आणि २०२५ च्या हंगामात, दोह्यात नव्वदी ओलांडली तेव्हा, त्याचा प्रशिक्षक होता यान झेलेझनी.